रीस्टार्ट न करता कर्नलच्या आत कसं बघायचं? एफट्रेसची ओळख

मागे आमच्या एका सर्व्हरवर फाइल सेव्ह करताना मधेच सगळं अडकायचं. कर्नलमध्ये प्रिंटच्या ओळी घालायच्या, तर रीस्टार्ट आला. आणि रीस्टार्ट केलं की त्रास दोन दिवस गायब! मग पकडायचं कसं? तेव्हा कामी आलं एफट्रेस.

हे टूल लिनक्स कर्नलमध्ये २००८ पासून आहे. कर्नल तयार होताना बहुतेक फंक्शन्सच्या सुरुवातीला एक छोटी जागा राखलेली असते. एरवी तिथे ‘नॉप’, म्हणजे ‘काहीच करू नको’ अशी सूचना असते. त्यामुळे वेगावर जवळपास परिणाम होत नाही. तुम्ही ट्रेसिंग सुरू केलंत की चालू कर्नलमध्येच नॉप काढून तिथे ट्रेसरचा कॉल बसतो आणि नोंद सुरू होते.

मी ‘फंक्शन ग्राफ’ ट्रेसर लावला. कुठल्या फंक्शनला किती वेळ लागला, ते तो दाखवतो. सगळा वेळ एफसिंकमध्ये, डिस्कच्या उत्तराची वाट बघण्यात जात होता. कर्नल ठीक होता, डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. त्याच रात्री बॅकअप घेतला, म्हणून डेटा वाचला.

एक लक्षात ठेवा: सगळी फंक्शन्स एकदम ट्रेस केलीत तर मशीन मंदावतं. आधी फिल्टर लावा, मगच ट्रेसिंग सुरू करा.