दिसते ती शीर, बिघडते ती झडप

आपल्या बोलीत ‘नस’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी चालतो. संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू ही नस, आणि रक्त वाहून नेणारी शीर हीसुद्धा नस. म्हणूनच पोटरीवर निळसर दोऱ्यांचं वेटोळं दिसू लागलं की कुणी ‘नसा कमजोर झाल्या’ म्हणत बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या सुरू करतं, तर कुणी नस बसवून देणाऱ्याचं घर शोधत जातं. दुखणं मात्र मज्जातंतूचं नसतंच. ते असतं शिरेतल्या झडपेचं.

पायातलं रक्त हृदयाकडे परत जाताना चढ चढून जातं. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या झडपा त्याला खाली घसरू देत नाहीत. झडप नीट मिटेनाशी झाली की रक्त उलटं येतं, साचतं, आतला दाब वाढतो आणि शीर फुगून वेडीवाकडी होते. तिची रुंदी ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ती व्हेरिकोज व्हेन. १ मिलिमीटरहूनही बारीक, लाल-जांभळ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे स्पायडर व्हेन्स. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात.

गैरसमज : हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे.

वस्तुस्थिती : स्पायडर व्हेन्सच्या बाबतीत बहुतेक वेळा तसंच असतं. फुगलेल्या शिरांचं तसं नाही. संध्याकाळी पाय जड होणं, घोट्याला सूज, रात्री पेटके, खाज ही सुरुवात. दाब वर्षानुवर्षं तसाच राहिला तर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट आणि कडक होते आणि साध्या ओरखड्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. डॉक्टर या आजाराचे टप्पे शून्य ते सहा असे मोजतात. त्यात स्पायडर व्हेन्स पहिल्या टप्प्यावर, व्हेरिकोज व्हेन्स दुसऱ्यावर आणि वाहती जखम सहाव्यावर असते.

गैरसमज : उभं राहण्याचं काम करणाऱ्यांनाच हे होतं, मांडी घातल्यानेही होतं.

वस्तुस्थिती : बसचे वाहक, वाहतूक पोलीस, शिक्षक, केशकर्तनालयातले कारागीर, तव्यापुढे दिवस काढणारे आचारी यांचा त्रास उभं राहण्याने वाढतो, हे खरं. पण मूळ कल बऱ्याचदा आईवडिलांकडून आलेला असतो. वय, वजन आणि गरोदरपण त्यात भर घालतात. मांडी घालण्याने किंवा पायावर पाय टाकून बसण्याने झडपा बिघडतात, याला आधार नाही. गरोदरपणात उमटलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळशा ओसरतात, म्हणून तेव्हा कायमच्या उपचाराची घाई करत नाहीत.

गैरसमज : तेल लावून जोरात चोळलं की गाठी विरतात, जळवा लावून ‘खराब रक्त’ काढलं की पाय मोकळा होतो.

वस्तुस्थिती : शिरेतलं रक्त खराब नसतं, चुकीच्या दिशेने आलेलं असतं. जळू थोडं रक्त ओढून घेईल, पण झडप गळतीच राहील आणि शीर पुन्हा भरेल. वरच्या मजल्यावरचा नळ गळत असताना खालच्या भिंतीला रंग लावण्यासारखंच ते. जोरात चोळण्याचा धोका वेगळा आहे. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तेलाच्या बाटलीला हात न लावता थेट रुग्णालय गाठावं.

गैरसमज : दाबाचे मोजे घातले की आजार बरा होतो.

वस्तुस्थिती : मोजे पायात असेपर्यंतच काम करतात. सूज आणि जडपणा कमी होतो, झडप दुरुस्त होत नाही. ते सकाळी, सूज चढण्याआधी घालायचे असतात. मधुमेह असणाऱ्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी आधी पायाच्या रोहिण्यांचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा. तो अपुरा असताना घट्ट मोजे घातले तर इजा होऊ शकते. औषधाच्या दुकानातून अंदाजाने मोजे आणण्यापेक्षा माप देऊन घेतलेले बरे.

गैरसमज : उपचार म्हणजे मोठं ऑपरेशन आणि महिनाभर अंथरूण.

वस्तुस्थिती : जांघेत छेद देऊन शीर ओढून काढण्याची शस्त्रक्रिया अजूनही होते, पण आता पहिली पसंती तिला नसते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये क्रम स्पष्ट दिला आहे : आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमण्यासारखं नसेल तर शीर मिटवणाऱ्या औषधी फेसाचं इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रिया.

उष्णतेच्या उपचारात सोनोग्राफीच्या मदतीने शिरेत बारीक नळी सरकवतात. भोवती भूल देणारं पाणी भरतात आणि लेसरने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने शीर आतून भाजून मिटवतात. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या प्रचलित पद्धतीत नळीचं टोक साधारण १२० अंश सेल्सियसपर्यंत तापतं. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो, आणि त्याने चालावं असंच डॉक्टर सांगतात. काही ठिकाणी उष्णतेऐवजी वैद्यकीय गोंदाने शीर चिकटवतात. उरलेली वेटोळी सुईएवढ्या छेदांतून काढता येतात.

स्पायडर व्हेन्ससाठी बारीक सुईने औषध टोचतात. शिरेचं आतलं अस्तर सुजून ती मिटते. एका बैठकीत सगळं जात नाही, काही काळ तपकिरी डाग राहू शकतात. मलमाने मात्र या रेषा पुसल्या जात नाहीत.

गैरसमज : शीर बंद केली तर पायाचं रक्त अडेल.

वस्तुस्थिती : पायातलं सुमारे ९० टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून परततं. कातडीखालची बिघडलेली शीर मुळात तिचं काम करतच नसते. उलट खाली आलेल्या रक्ताचा बोजा इतरांवर टाकते. हृदयाच्या बायपाससाठी पायातली जी लांब शीर काढून घेतात, तीही कातडीखालचीच. ती गेल्यावरही पाय चालत राहतो. खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे मात्र आधी डॉप्लर तपासणीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, पाहावंच लागतं.

गैरसमज : जखम झाली की आधी ती भरू द्यायची, शिरेचं नंतर बघू.

वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एव्हरा’ चाचणीने नेमकं उलट दाखवलं. सगळ्यांना दाबपट्ट्या होत्याच. त्याच्या जोडीला ज्यांची शीर लवकर बंद केली, त्यांच्या जखमा भरायला मध्यक काळ ५६ दिवसांचा लागला; ज्यांचा हा उपचार लांबवला, त्यांना ८२ दिवसांचा.

फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर घाबरून उभं राहू नये. आडवं व्हावं, पाय हृदयापेक्षा उंच धरावा, स्वच्छ कापडाने दाबून ठेवावं आणि मग डॉक्टरांकडे जावं.

गैरसमज : एकदा उपचार केला की कायमची सुटका.

वस्तुस्थिती : बंद केलेली शीर सहसा बंदच राहते, पण घराण्यातून आलेला कल बंद होत नाही. काही वर्षांनी दुसरी झडप सैल पडू शकते. चालणं, वजन आटोक्यात ठेवणं, उभ्या कामात मधूनमधून टाचा उचलणं याने पोटरीचा पंप चालू राहतो.

आणि कुणी नुसता पाय बघून उपचाराचा खर्च सांगितला, तर एक प्रश्न विचारावा : ‘डॉक्टर, झडप कुठली गळतेय?’ उभं करून केलेल्या डॉप्लर तपासणीशिवाय याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.