पावसाळ्यातले कुरण

धार आणि देवासकडची काळी जमीन श्रावणात पाणी पिऊन फुगते. पाऊस जरा उघडला की आपण गुरे कुरणात सोडतो. चार दिवसांनी तेथे नुसता चिखल उरतो. दोष आपण पावसाला देतो. आम्हाला वाटते, तो पुष्कळसा आपलाच असतो.

गवताच्या मुळांनाही हवा लागते. ओल्या काळ्या मातीवर खूर पडले की मातीतल्या बारीक पोकळ्या दबतात. मग पाणी मुरत नाही, हवा शिरत नाही आणि मुळे कुजतात. उघड्या पडलेल्या जागी गाजरगवत माजते. ते गुरे सहसा खात नाहीत, आणि माणसांना मात्र त्यापासून खाज व दमा होतो.

शहरातील गोल्फची मैदाने राखणारे माळी हे जाणतात. तेथील बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, माळव्यातली दूब. मैदान फार भिजले की ते खेळ बंद ठेवतात. खेळासाठी एवढी काळजी, तर आपल्या गायीसाठी का नसावी?

तेव्हा शेतकरी बांधवांनी पुढील गोष्टी कराव्यात:

१. पायाचा ठसा पाण्याने भरत असेल, तर त्या दिवशी गुरे बांधून ठेवावीत व चारा कापून घालावा.

२. कुरणाचे दोन-तीन भाग पाडून पाळीपाळीने चारावे. साचलेल्या पाण्याला चर काढून वाट द्यावी.

३. गवत मुळापासून खरडू नये. हरळी-मारवेलची चार बोटे तरी राखावीत. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानावर उबदार हवेत बुरशी धरते, म्हणून दव सुकल्यावर धारदार विळ्याने कापावे.

४. जोराच्या पावसाआधी युरिया टाकू नये, तो नाल्यात वाहून जातो. उघडीप पाहून थोडा थोडा द्यावा.

५. उपाशी गुराला कोवळा ओला चारा, विशेषतः द्विदल, एकदम घालू नये, पोट फुगते. आधी थोडा कडबा किंवा भुसा द्यावा.

६. गाजरगवत फुलण्यापूर्वी, हातात मोजे घालून, मुळासकट उपटावे.

श्रावणात तुडवलेल्या कुरणाची किंमत वैशाखात कळते. चारा विकत घ्यावा लागतो आणि लेकरांच्या पेल्यातले दूध कमी होते. एखादे वेळी गायच विकावी लागते. जमीन परमेश्वराची, आपण तिचे कारभारी. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपापल्या कुरणातून एक फेरी मारावी आणि पाणी कोठे साचते ते पाहून यावे, एवढीच आमची विनंती.