कृष्णधवल फोटोतले रंग

जुन्या लढाऊ विमानाचं चित्र काढणाऱ्या हौशी चित्रकाराचा निम्मा वेळ पुरावे शोधण्यात जातो, आणि जायलाच हवा. कृष्णधवल फोटो सहज फसवतो. काही जुने फोटो ज्यावर काढले ती ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपत नाही, म्हणून तो काळा उमटतो. पिवळाही गडद होतो, निळा मात्र फिका पडतो.

१९४४ साली इम्फाळला लढलेलं भारतीय हवाई दलाचं हरिकेन विमान घ्या. त्यावरच्या ओळख पटवणाऱ्या वर्तुळात ब्रिटिशांचा नेहमीचा लाल ठिपका नाही. जपानी विमानांवर लाल सूर्य असे. घाईत आपल्याच विमानावर गोळ्या झाडल्या जाऊ नयेत म्हणून ब्रह्मदेश आघाडीवर हा ठिपका काढून टाकला. राहिला गडद निळा, आत पांढरा किंवा फिकट निळा. तारीख असलेला फोटो मिळाला तर सोनंच, कारण तेच विमान पुढे पुन्हा रंगवलेलं असू शकतं.