पोरगं घरातच असतं, मग काळजी कसली?

आमच्या वस्तीत कोणाही माउलीला मुलाविषयी विचारा, उत्तर ठरलेले असते. "पोरगं कुठं जात नाही, येत नाही. घरातच असतं." हे अभिमानाने सांगितले जाते. पूर्वी मुलगा नाक्यावर उभा राहील, पत्त्यांच्या अड्ड्याकडे वळेल ही धास्ती होती. मोबाईल आला, पोरगं घरात बसलं आणि आईबापांना हायसे वाटले. आम्हालाही वाटले होते. खोटे कशाला सांगा?

आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलाची गोष्ट. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरू लागली तेव्हा तो पाचवीत होता. बंधूंनी हप्त्याने फोन घेतला. पुढे शाळा उघडली, पण फोन हातातून सुटला नाही. नववीत जाईपर्यंत मुलगा पोटमाळ्यावरचाच झाला. जेवण वर, अभ्यास वर, रात्री दोन-दोनपर्यंत जागरण आणि सकाळी वर्गात पेंग. आम्ही त्याला चारचौघांत 'आळशी' म्हणालो. सभांमधून युवकांना चार शब्द सांगणारे आम्ही, घरच्या पोराला एवढेच सांगू शकलो. एका संध्याकाळी तो आमच्या सौभाग्यवतींना म्हणाला, "काकी, मला कायच करावंसं वाटत नाही." तिने ते मनावर घेतले म्हणून बरे झाले. आम्ही तेही थोतांड समजलो होतो.

सरकारी रुग्णालयातील डॉक्टरबाईंनी गोळ्यांच्या आधी प्रश्न विचारले. दिवसात किती तास बसतोस? झोपतोस कधी? मित्र कोण? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. यातले कोणालाच ठाऊक नव्हते.

या विषयावर इंग्लंडमध्ये एक मोठी पाहणी झाली आहे. ब्रिस्टल भागातील चार हजारांहून अधिक मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून १२, १४ व १६ व्या वर्षी नोंदी घेतल्या गेल्या. 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात २०२० साली ते निष्कर्ष आले. बाराव्या वर्षी रोज सुमारे सव्वासात तास बसणारी ही मुले सोळाव्या वर्षी पावणेनऊ तास बसू लागली होती. जी अधिक बसत, त्यांच्यात अठराव्या वर्षी उदासीची लक्षणे अधिक दिसली. बाराव्या वर्षी रोज एक तास हलकी हालचाल जास्त असेल, तर पुढे ही लक्षणे सुमारे दहा टक्क्यांनी कमी आढळली. बसल्यामुळेच उदासी येते, असे यातून सिद्ध होत नाही; उदास मुलगाही बसूनच राहतो. पण हलकी हालचाल म्हणजे काय, ते ऐका. चालणे, घरकाम, उभ्याने करायची कामे! जिमची फी नको की मैदान नको. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीतही हे जमते.

जागतिक आरोग्य संघटना तर १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल सांगते. त्यांच्याच २०१९ सालच्या अहवालाप्रमाणे जगातील ११ ते १७ वयाची शंभरातली ८१ मुले तेवढी हालचाल करत नाहीत. मुलींत हा आकडा ८५ आहे. आपल्याकडे न्हाण आले की मुलीची लगोरी बंद होते, आणि मग तीच आई मुलगी गप्प-गप्प राहते म्हणून आमच्याकडे येते! यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

आम्ही फोन काढून घेतला नाही. एका नातलगाने तसे केले, तर मुलाने दोन दिवस अन्न टाकले. आमच्याकडे एवढेच ठरले की रात्री दहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतील. आमचासुद्धा. पहिला आठवडा सर्वात जड गेला तो आम्हालाच! या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, असे तज्ज्ञ सांगतात. रेशन आणि पिठाची गिरणी मुलाकडे दिली. संध्याकाळी आजोबांना फिरवून आणणे हेही त्याचेच काम झाले. आजोबा चालताना गिरणीच्या संपाच्या गोष्टी सांगतात. तो ऐकतो की नाही, कोण जाणे.

ज्यांना रुग्णालयापर्यंत जाणे जमत नाही, त्यांनी १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मराठीत बोलता येते. मुलगा जिवाचे बरेवाईट बोलू लागला तर मात्र वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, लगेच दवाखाना गाठा.

आमचा पुतण्या पोटमाळ्यावर अजून जातो. पण परवा तो खाली आला आणि आजोबांची चप्पल शोधू लागला. डॉक्टरबाईंनी पुढची तारीख दुसऱ्या मंगळवारची दिली आहे. या खेपेला बंधूही रजा टाकून बरोबर जाणार आहेत.