बैल गेला नि झोपा केला, असे गाडीचे होऊ नये

पूर्वी दावणीचा बैल गेला म्हणजे हंगाम गेला असे समजत. आज मुळशी तालुक्यात तीच गत मोटारसायकलची झाली आहे. पहाटे दुधाचे कॅन कोथरूडला न्यायचे, पिरंगुटला कारखान्यात पाळी गाठायची, पौडला कचेरीचे काम उरकायचे, लावणीच्या दिवसांत खाचरावर न्याहारी पोचवायची. सगळे गाडीच्याच जिवावर. ती चोरीला गेली की रोजगार बुडतो, कर्जाचा हप्ता मात्र तसाच राहतो.

आपल्या तालुक्याची ठेवणही चोराच्या सोयीची आहे. एका अंगाला चांदणी चौक, म्हणजे शहर आणि महामार्ग. दुसऱ्या अंगाला ताम्हिणी घाट उतरला की माणगाव, म्हणजे रायगड जिल्हा. त्यामुळे गाडी गेल्यानंतर शोधण्यापेक्षा आधीच जपलेली बरी.

एका कुलपावर विसंबू नका

"इथंच तर आहे, कोण नेतंय!" असे म्हणून बांधाच्या कडेला किल्ली तशीच ठेवून माणूस खाचरात उतरतो. ही सवय पहिल्यांदा मोडावी. जुन्या गाडीची किल्ली आणि कुलूप झिजले की दुसरी एखादी किल्लीही चालून जाते. असे कुलूप वेळीच बदलावे. हँडलचे कुलूप जोराच्या हिसड्याने तुटू शकते. म्हणून जोडीला जाड साखळी हवी. ती मागच्या चाकातून आणि सांगाड्यातून घेऊन खांबाला किंवा झाडाला बांधावी. नुसते चाक अडकवले तर दोघे मिळून गाडी उचलून टेम्पोत टाकतात. साखळीचे कुलूप जमिनीला टेकू देऊ नये. टेकले की त्यावर घाव घालणे सोपे जाते.

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचा पेट्रोल कॉक रात्री बंद करावा. चोराने गाडी सुरू केली तरी थोड्या अंतरावर ती बंद पडते. जाणत्या मेकॅनिककडून चोरबटणही बसवून घेता येते. नव्या इंजेक्शनच्या गाडीच्या वायरी मात्र कापू नयेत.

चॅसी व इंजिन नंबर घरच्या वहीत लिहून ठेवावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवणे महाराष्ट्रात सक्तीचे केले आहे. ती सहजी काढता येत नाही, आणि काढली तर तुटते.

विम्याचा कागद वाचा

इथेच पुष्कळांची फसगत होते. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, म्हणून तेवढाच उतरवला जातो. त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेतला असेल तरच चोरीचे पैसे मिळतात. आपली पॉलिसी कोणती, हे आजच काढून पाहावे. दुसरी किल्लीही सांभाळावी. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.

गाडी गेलीच तर

"दोन दिवस शोधू, मग बघू" असे करू नये. लगेच ११२ ला फोन करावा, पोलीस पाटलाला कळवावे आणि ठाणे गाठावे. हिंजवडी २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे, तर पौड ठाणे पुणे ग्रामीणकडे. हद्द कोणाची, असा घोळ पडू शकतो. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. तिची प्रतही फुकट मिळते.

त्याच दिवशी विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी कळवावे. फिर्याद तातडीने दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. गाडी सापडली नाही तर पोलिसांचा शेवटचा अहवाल दाव्याला लागतो. त्याचा पाठपुरावा करावा.

स्वस्तातली गाडी महागात

चोरीची गाडी विकत घेणाराही असतो, म्हणून चोराचे फावते. "कागद मागून देतो" म्हणणाऱ्याची गाडी घेऊ नये. आरसी बुकातला चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी विकणाऱ्यानेही नाव बदलून झाल्याची खात्री करावी, नाहीतर त्या गाडीने केलेल्या गुन्ह्याची चौकशी आपल्याच दारी येते.

गावकारभाऱ्यांनाही यात बरेच करता येईल. जत्रेत गाड्यांसाठी एक राखणीची जागा ठरवून बिल्ले द्यावेत, फाट्यावर दिवा आणि कॅमेरा लावावा, ग्राम सुरक्षा दलाची रात्रीची गस्त चालू ठेवावी. हे विषय येत्या ग्रामसभेत घ्यावेत. साखळी-कुलपाला लागतात चारशे-पाचशे रुपये. गाडीच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत.