दोन ग्रॅमच्या आतलं सोनं

सोनं तपासणाऱ्या यंत्रावर लिही, असं संपादकांनी सांगितलं. यंत्र झवेरी बाजारात दिसलंच असतं. मी मात्र डोळखांब भागातल्या गावांपासून सुरुवात केली. आजोबा नावाच्या डोंगराखालच्या या गावांत भात विकून, लग्नसराईत जे सोनं घेतलं जातं ते बेताचंच: दोन वाट्या, चार मणी, एखादी फुली नाहीतर मुरणी.

इथल्या सोनाराचं यंत्र म्हणजे कसोटीचा काळा दगड. दागिना घासून त्यावर रेघ ओढायची, शेजारी माहितीच्या कसाच्या सोन्याची रेघ, आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब. पितळेची रेघ फसफसत विरून जाते. चांगल्या सोन्याची तशीच राहते. बावीस कॅरेट आणि चौदा कॅरेट यांतला फरक सरावलेल्या नजरेला सहज कळतो. बावीस की एकवीस, इथे मात्र नजरेइतकीच नियतही लागते.

शहरातलं यंत्र मायक्रोवेव्हएवढं. झाकण उघडून दागिना जाळीवर ठेवायचा, पडद्यावरची फुली नेमक्या जागी आणायची, झाकण लावायचं. खालून क्ष-किरण पडतात आणि प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत पाठवतो. मिनिटाभरात सोनं, चांदी, तांबं, जस्त टक्क्यांसकट समोर. डाकातलं कॅडमियमही सापडतं. 'केडीएम' हा शब्द गिऱ्हाईक अजून शुद्धतेची खूण म्हणून सांगतं. प्रत्यक्षात त्या कॅडमियमची वाफ सोनाराच्या फुप्फुसात जायची.

मला गुंतवून ठेवलं ते या यंत्राच्या तोकड्या नजरेने. सोन्यात त्याला वरचे काही मायक्रॉनच दिसतात. घडवलेला दागिना उजाळण्यासाठी आम्लात उकळला की पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं, उरलेला थर सोन्याने समृद्ध होतो आणि आकडा आतल्यापेक्षा वरचा येतो. मण्यात भरलेली लाख तर त्याला दिसतच नाही. नथीतल्या लाल खड्याचंही तेच: खरं माणिक आणि कारखान्यात बनवलेलं माणिक दोन्ही ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. वक्रीभवनमापकावरही दोघांचं माप १.७६२ ते १.७७०. भिंगाखाली आतल्या वक्र रेषा दिसल्या, तर कृत्रिम माणिक पकडलं जातं. रंगीत काच मात्र मापकावर एकच आकडा देऊन उघडी पडते.

म्हणून सोन्याच्या बाबतीत हॉलमार्किंग केंद्रात शेवटचा शब्द भट्टीचा. दागिन्याचा कण मोजून, चांदी घालून, शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हजार अंशांवरच्या भट्टीत सच्छिद्र कुपीत ठेवतात. शिसं हलक्या धातूंना घेऊन कुपीत मुरतं. उरलेला मणी लाटायचा, नायट्रिक आम्लात चांदी विरघळवायची आणि राहिलेलं सोनं तोलायचं. चूक हजारात एका भागाहूनही कमी. किंमत एवढीच, की तपासलेला तुकडा दागिन्यात परत येत नाही.

जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांच्या एचयूआयडीशिवाय सक्तीत येणारा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक मोबाइलवर पडताळता येतो. उत्तम व्यवस्था. पण दोन ग्रॅमपेक्षा हलका नग सक्तीतून वगळलेला आहे आणि वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेला सोनारही. फुली, मुरणी, सुटे मणी, म्हणजे डोळखांबची बहुतेक खरेदी या चाळणीतून खाली पडते. ज्या घरात सोनं पेरणीच्या वेळी गहाण पडायचं, तिथेच त्याच्यावर शिक्का नाही. गहाण घेणारा दगडावर कस लावतो, स्वतःच्या हिशेबाने घट धरतो, आणि त्याच्याशी वाद घालायला हातात कागद नसतो.

शिक्का नसलेला दागिना ग्राहकाला केंद्रात नेऊन तपासता येतो. २०२२ मध्ये ठरलेला दर चार नगांपर्यंत दोनशे रुपये. एकट्या मुरणीसाठी तो परवडत नाही, वर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. बचत गटातल्या चौघींनी आपापला नग एकत्र नेला तर प्रत्येकीला पन्नास पडतील. तोवर निदान पक्क्या बिलावर वजन आणि कॅरेट लिहून घ्यावं. मुरणी अर्ध्या ग्रॅमची असली, तरीही.