चर, नळ आणि तार

मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास आणि तिच्या वीजपुरवठ्याचा इतिहास हे आजवर दोन निराळ्या दप्तरांत लिहिले गेले आहेत. विहार तलावाचे पाणी १८६० च्या सुमारास शहरात आले, तानशाचे १८९२ साली आले. ७ मे १९०७ रोजी शहराच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धावली, आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून निघालेला उच्च दाबाचा प्रवाह गिरण्यांपर्यंत पोहोचला. पाणी आणि वीज ही दोन्ही सह्याद्रीच्याच पर्जन्याची देणगी असली, तरी एकीची व्यवस्था पाहणारे खाते वेगळे, दुसरीची पाहणारी कंपनी वेगळी, आणि दोघांचे नकाशे, दोघांचे अभियंते व दोघांचे मुकादमही वेगळे, अशी जी विभागणी त्या काळी पडली ती आजतागायत कायम आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची १९६० साली स्थापना झाल्यानंतर विजेचे खांब खेडोपाडी गेले. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाल्यानंतर त्याच खेड्यांतून नळाचे चर खणले जाऊ लागले. शेतजमीन संपादन करण्याची यातायात दोन्ही खात्यांना नको असल्यामुळे डांबरी रस्ता आणि शेताचा बांध यांच्यामधली, सरकारी हद्दीतली चार-सहा हात रुंदीची पट्टी दोघांनीही निवडली, आणि अशा रीतीने खांब, तार, चर व नळ यांचा सहवास अपरिहार्य झाला.

या सहवासात जे अपघात घडतात त्यांचे खापर सामान्यतः मजुराच्या बेसावधपणावर फोडले जाते. पंचनाम्यात तसे लिहिणे सोयीचे असते; परंतु या कामातील अंतरे, वजने आणि नियम एकत्र मांडून पाहिले असता असे ध्यानात येते की, चरात उतरणाऱ्या माणसाचे जीवित त्याच्या स्वतःच्या दक्षतेवर फारच थोडे अवलंबून असते, आणि तो उतरण्यापूर्वी दोन खात्यांमध्ये कोणता कागद झाला वा झाला नाही, यावर पुष्कळ अधिक अवलंबून असते.

डोक्यावरची तार

प्रथम उंचीचा हिशोब पाहावा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमावलीने तारांची जमिनीपासूनची किमान उंची ठरवून दिली: रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार ५.८ मीटर, उच्च दाबाची ६.१ मीटर, रस्त्याला समांतर जाणारी अनुक्रमे ५.५ व ५.८ मीटर, आणि रस्ता सोडून अन्यत्र, म्हणजे शेताशिवारात, ११ किलोव्होल्टपर्यंतची उघडी तार ४.६ मीटर. ही मापे माणूस, बैलगाडी व मालमोटार यांच्या दृष्टीने पुरेशी आहेत, पण नळाच्या दृष्टीने नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाची प्रचलित लांबी ६ मीटर असते. दोन माणसांनी तो चरात सोडण्यासाठी क्षणभर उभा धरला, तर शेतातील ११ किलोव्होल्टच्या तारेहून त्याचे टोक जवळजवळ दीड मीटर वर जाते. तुषार सिंचनाचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप साफ करण्यासाठी उभा करणाऱ्या शेतकऱ्यालाही हाच हिशोब लागू पडतो. मोठ्या जलवाहिनीचा पोलादी नळ १२ मीटर लांबीचा असला, आणि हायड्रा क्रेनने उचलताना त्याचे एक टोक जमिनीवरच राहून तो केवळ तीस अंशांनी कलला, तर दुसरे टोक ६ मीटरवर पोहोचते. वीस टनी पोकलेनचा बाहू पूर्ण उभारला असता नऊ मीटरच्याही वर जातो, हे लक्षात घेतले म्हणजे यंत्रचालकाला तारेखाली उभे करून ‘जरा सांभाळून’ एवढीच सूचना देणाऱ्या मुकादमाने काय केले आहे, ते उघड होते.

तारही एका जागी स्थिर नसते. उन्हाने आणि तिच्यातून वाहणाऱ्या भाराने ती तापते, प्रसरण पावते व झोळ धरते. दोन खांबांच्या मध्यावर ती सर्वांत खाली येते, आणि वारा सुटला की बाजूला झुलते. सकाळी मोजलेले अंतर दुपारच्या प्रहरी तेवढेच असेल अशी खात्री देता येत नाही. शिवाय उच्च दाबाच्या विजेला स्पर्शाची गरज नसते. पुरेसे जवळ आलेल्या धातूवर ती हवेतून झेप घेते. म्हणूनच उपरोक्त नियमावलीत मागाहून जो ८२-अ हा नियम घालण्यात आला, आणि ज्याचा आशय केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही कायम राखण्यात आला, त्याने सळया व नळ यांचा नामनिर्देश करूनच दंडक घातला आहे: विहित अंतराचा भंग होण्याचा संभव असेल तेथे असा माल उघड्या तारांखालून अथवा त्यांच्या आसपास न्यावयाचा असल्यास तो तारांच्या मालकाने अधिकार दिलेल्या जाणत्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच न्यावा, आणि विजेच्या झेपेच्या अंतरात तो कोणत्याही परिस्थितीत आणू नये. त्याच नियमाने तारांखाली माल वा मातीचे काम रचून अंतर कमी करण्यासही मनाई केली आहे. चरातून निघालेल्या मातीचा ढीग तारेखाली दीड मीटर उंच झाला की ६.१ मीटरची तार ४.६ मीटरवर येते, आणि त्या ढिगावर यंत्र चढले की उरलेला हिशोबही संपतो. ही गोष्ट किती मुकादमांना ठाऊक असते, हा प्रश्नच आहे. अमेरिकेच्या नियमांत यंत्राचा कोणताही भाग ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर, दूर राखण्याचा ठोक दंडक आहे. अनुभवी मंडळी यासाठी तारांच्या दोन्ही बाजूंस, तारेहून पुरेशा खालच्या उंचीवर, पताका लावलेली बांबूची कमान उभारतात आणि एक माणूस केवळ तार व बाहू यांच्यातील अंतर पाहण्यासाठीच नेमतात. या माणसाकडे फावडे, दोर किंवा हजेरीचे पुस्तक देऊ नये. ज्याला दुसरे काम आहे तो पहारेकरी नव्हे.

पायाखालची वीज

जेथे वर तार नाही तेथे भय नाही, ही समजूत शहरात फार महाग पडते. जुन्या मुंबईत विजेचे वितरण जमिनीखालून होते, आणि अन्य शहरांतही तारा उत्तरोत्तर भूमिगत होत आहेत. केबल घालण्याच्या भारतीय मानकानुसार कमी दाबाची केबल ०.७५ मीटर, ११ किलोव्होल्टपर्यंतची ०.९ मीटर आणि ३३ किलोव्होल्टची १.०५ मीटर खोल असावी, व पाण्याच्या नळापासून तिचे अंतर निदान ०.३ मीटर राखावे. परंतु रस्त्यावर डांबराचे थर चढतात, तसे ते खरवडलेही जातात. पदपथाची पातळी बदलते. आणि कागदावरची खोली कागदावरच राहते. या कारणास्तव नकाशाची रुजुवात प्रत्यक्ष जमिनीवर करावी लागते. प्रथम शोधक यंत्राने केबलचा मार्ग चुन्याने आखून घ्यावा, नंतर ठिकठिकाणी हाताने चाचणी-खड्डे घेऊन ती डोळ्यांनी पाहावी, आणि ती सापडेपर्यंत जेसीबीचा दात त्या पट्ट्यात लावू नये. पहार व टिकाव हीसुद्धा येथे घातक हत्यारे होत. विटांचा थर, फरशा किंवा इशाऱ्याची रंगीत फीत लागली की थांबावे. केबलला नुसता ओरखडा गेला आणि तो झाकून टाकला, तर त्याची शिक्षा पुढच्या पावसाळ्यात, त्या रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या निरपराध वाटसरूला भोगावी लागते. तेव्हा लपविण्यापेक्षा कळविणे हाच प्रामाणिकपणा होय.

खांबाची गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे. नऊ मीटर लांबीचा सिमेंटचा खांब सामान्यतः त्याच्या लांबीच्या एक-षष्ठांश, म्हणजे दीड मीटर, गाडलेला असतो. जलवाहिनीचा चरही पुष्कळदा एवढाच खोल असतो. तो खांबाला खेटून गेला तर ज्या मातीने खांबाला धरून ठेवले आहे तीच निघून जाते. ताणतारेचा पाया उघडा पडला तर वरच्या तारांचा तोल जातो. अशा ठिकाणी चराचा मार्ग वळवणे, किंवा वीज कंपनीकडून खांबास तात्पुरता आधार घेऊन थोड्या लांबीत खणणे व लगेच भरून घेणे, हेच शहाणपणाचे.

चर स्वतः

विजेच्या भयाने मातीचे भय विसरू नये. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन असते, आणि छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाला, त्याचे तोंड मोकळे असले तरी, श्वास घेता येत नाही. दख्खनची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाने फुगते. मुरुमाची भिंत सकाळी ताठ दिसते आणि दुपारी खाली येते. पूर्वी एकदा खणून भरलेली जमीन, जी रस्त्याच्या कडेला हमखास भेटते, ती सर्वांत बेभरवशाची. खोदकामाविषयीच्या भारतीय मानकाने दीड मीटरहून खोल चराच्या भिंतींना फळ्या व टेकूंचा आधार देण्यास सांगितले आहे. आधार शक्य नसेल तर भिंतींना उतार द्यावा. निघालेली माती काठापासून दूर टाकावी. चढण्या-उतरण्यास शिडी हाताशी असावी, आणि तारांजवळ ती धातूची नसावी. पाऊस पडून गेल्यावर चराची पुन्हा तपासणी झाल्याविना कोणास उतरवू नये. पाणी उपसण्यासाठी जो बुडता पंप लावतात त्याची वायर हीदेखील वीजवाहिनीच आहे. ३० मिलिअँपियरला तुटणारे गळतीरोधक उपकरण तिच्यावर असलेच पाहिजे, कारण सुमारे १० मिलिअँपियर प्रवाहानेच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवेनाशी होते. ओल्या चरात उभ्या असलेल्या अनवाणी माणसाला तर जमीनच दुसरी तार होऊन बसते.

पोलादी नळ २२० किंवा ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीला समांतर घालावयाचा असेल तर आणखी एक अदृश्य शक्ती हिशोबात धरावी लागते. वाहिनीला न शिवतासुद्धा, जोडून लांबवर गेलेल्या व अवरोधक लेप दिलेल्या नळात प्रवर्तनाने दाब उत्पन्न होतो. या क्षेत्रातील मानकांनी १५ व्होल्टच्या वरचा असा दाब धोक्याचा मानला आहे. म्हणून वेल्डिंग चालू असताना नळाला तात्पुरते अर्थिंग द्यावे, तोडलेली दोन टोके आधी तारेने जोडल्याखेरीज दोन्ही एकाच वेळी हाताळू नयेत, आणि मेघगर्जना ऐकू येताच काम थांबवावे.

कागदाचे माहात्म्य

या सर्व उपायांत श्रेष्ठ उपाय म्हणजे तारेत वीजच नसणे. परंतु ‘लाइन बंद आहे’ हे वाक्य जितके सहज उच्चारले जाते तितके ते सहज सिद्ध होत नाही. प्रवाह खंडित करणे, कळ कुलूपबंद करणे, तार निर्जीव झाल्याची चाचणी घेणे, कामाच्या दोन्ही बाजूंस ती जमिनीशी जोडणे, आणि मग लेखी परवाना देणे, असा हा क्रम आहे. आणि काम संपल्यावर ज्याच्या हाती परवाना दिला त्यानेच सही करून तो परत केल्याखेरीज वीज सुरू होता कामा नये. फोनवरून मागितलेला व फोनवरूनच परत केलेला शटडाउन हा परवाना नव्हे. जमिनीशी जोडणी अनावश्यक वाटते, परंतु कोणाच्या तरी जनरेटरमधून वा इन्व्हर्टरमधून उलट वाहणारा प्रवाह निर्जीव समजलेल्या तारेत येऊ शकतो, तेव्हा माणसाला वाचवते ती तीच.

आणि एवढे करूनही यंत्र तारेला लागलेच, तर चालकाने जागेवर बसून राहावे. सर्वांनी निदान दहा मीटर दूर व्हावे. चरातील माणसाने यंत्र, नळ, साखळी यांना हात लावू नये. यंत्राने पेट घेतला तरच चालकाने दोन्ही पाय जुळवून, यंत्राला व जमिनीला एकाच वेळी न शिवता, बाहेर उडी घ्यावी आणि पाय न फाकता दूर जावे, कारण जमिनीतून पसरणाऱ्या विजेचा दाब दोन पावलांच्या अंतरातही प्राणघातक असू शकतो. तुटून पडलेली तार निपचित दिसली म्हणून ती मृत समजू नये. उपकेंद्रातून ती पुन्हा चालू केली जाण्याचा संभव असतो. अपघाताची खबर २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकास देण्याचे बंधन आहे, आणि ते केवळ दप्तरी उपचार म्हणून पाळावयाचे नाही. पुढचा चर कोठे खणावा हे त्याच चौकशीतून कळावयाचे असते.

आता शेवटचा आणि सर्वांत व्यावहारिक मुद्दा. चराच्या भिंतीचा आधार, तारेचा पहारेकरी, शोधक यंत्राने केलेली तपासणी आणि वीज बंद ठेवण्याचा कालावधी या गोष्टी जेथे निविदेत स्वतंत्र बाबी म्हणून दराने दिलेल्या नसतात, तेथे कंत्राटदाराला त्या आपल्या नफ्यातून कराव्या लागतात, आणि मग त्या होत नाहीत. यात त्याचा स्वभाव दोषी असण्यापेक्षा अंदाजपत्रक अधिक दोषी आहे. तेव्हा पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी या चार बाबी अंदाजपत्रकातच लिहाव्यात, वीज कंपनीच्या अधिकाऱ्याची सही मार्गाच्या नकाशावर काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी, आणि गावात चर खणला जात असेल तेव्हा ग्रामपंचायतीच्या प्रत्येक सदस्याने मुकादमाकडे नकाशा, परवाना व आजच्या तपासणीची नोंद हे तीन कागद मागावेत. ते मिळाले नाहीत तर काम त्या दिवसापुरते थांबवण्याचा आग्रह धरावा. नळाला पाणी एक दिवस उशिरा आले म्हणून गावाचे काही बिघडत नाही.